निवासी डॉक्टरांचे शिक्षण आणि टेलिमेडिसिनची साथ

धर्मादाय रुग्णालयात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा एक प्रश्न विचारतात आणि आमचे काही देणगीदारही तो संकोचाने विचारतात : ‘रात्री येथे शिकाऊ डॉक्टरच असतात ना? मग ते गरिबांवरच शिकतात असे नाही का?’ प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर देणे हे विश्वस्त संस्थेचे कर्तव्य आहे, म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस पूर्ण करून, वैद्यक परिषदेची नोंदणी मिळवून एमडी किंवा एमएसचे शिक्षण घेणारा डॉक्टर. हे शिक्षण रुग्णाच्या खाटेजवळच होते, त्याला दुसरा मार्ग नाही. उद्याचे विशेषज्ञ याच वाटेने तयार होतात. तेव्हा पाहावयाचे ते इतकेच, की तो शिकत असताना त्याच्या पाठीशी कोण उभे आहे.

या गोष्टीचे महत्त्व वैद्यकजगताला एका दुर्दैवी घटनेने पटले. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १८ वर्षांची एक विद्यार्थिनी तापाने आजारी होऊन रात्री दाखल झाली. तिच्याजवळ निवासी डॉक्टर होते, वरिष्ठ डॉक्टरांचा सल्ला फोनवरून घेतला गेला होता. सकाळी ती दगावली. पुढे दीर्घ चौकशी झाली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, वरिष्ठांच्या देखरेखीचे नियमही कडक झाले. या घटनेची कारणे अनेक होती, परंतु फोनची एक मर्यादा तीत स्पष्ट दिसते. फोनवर वरिष्ठ ऐकतो ते रुग्णाचे वर्णन. वर्णन करणाऱ्याच्या जे लक्षात आले नाही, ते ऐकणाऱ्यालाही कळत नाही.

नेमकी ही उणीव टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवैद्यक, काही अंशी भरून काढते. आपल्या देशात इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने दूरवैद्यकाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. आज खाटेशेजारी ठेवलेल्या टॅबलेटवर पुष्कळसे काम भागते.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. या सापाच्या दंशाची खूण अनेकदा दिसतच नाही, सूजही येत नाही. रुग्ण पहाटे येतो तो पोटदुखीची तक्रार घेऊन. नवख्या डॉक्टरने फोनवर ‘पोटदुखी, पोट मऊ, ताप नाही’ एवढेच सांगितले, तर वरिष्ठाचे लक्ष पोटाकडेच जाईल. तोच रुग्ण पडद्यावर दिसला, तर अर्धवट मिटलेल्या पापण्या वरिष्ठाच्या नजरेतून सुटत नाहीत. तो रुग्णाला थोडा वेळ वर पाहायला सांगतो, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहतो, आणि प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तयारी करण्यास सांगतो. येथे रुग्णाला वेळेवर उपचार मिळतात आणि निवासी डॉक्टर एक धडा जन्मभरासाठी शिकतो.

मात्र पडद्याला हात नसतात. पोट दाबले असता स्नायू आपोआप ताठरतात की नाही, हे खाटेजवळच्या डॉक्टरच्या बोटांनाच कळते. शस्त्रक्रियेत हात कसा चालतो, हे शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. अमेरिकेत निवासी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने जुलै २०२० पासूनच्या नियमांत, दूरसंचार साधनाद्वारे त्याच वेळी रुग्णसेवा पाहणाऱ्या वरिष्ठाची देखरेख ‘प्रत्यक्ष’ देखरेखीत धरली. पण पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी आरंभी तरी वरिष्ठाने स्वतः हजर असणे आवश्यकच ठेवले. हा विवेक आम्हालाही मान्य आहे.

भारतातही नियमांनी या मार्गाची दखल घेतली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत जिल्हा निवासी कार्यक्रमाचा समावेश झाला. त्यानुसार एमडी व एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काम करावे लागते, आणि त्या काळात फोन वा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून आपल्या शिक्षकांच्या संपर्कात राहावे लागते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला, तरी उपचाराची जबाबदारी सल्ला घेणाऱ्या डॉक्टरचीच राहते. म्हणून पडद्यावरून आलेली सूचना निमूटपणे पाळणे पुरेसे नाही. ती समजून घेणे आणि शंका असल्यास बोलून दाखवणे हेही निवासी डॉक्टरचे काम आहे.

आमच्या रुग्णालयात आणि ग्रामीण केंद्रावर आम्ही यासाठी एक साधी शिस्त ठेवली आहे. श्वासाचा त्रास वाढला, रक्तदाब उतरला, शुद्ध हरपू लागली, रुग्णाला दुसरीकडे हलवावयाचे ठरले किंवा सिस्टरला काळजी वाटली, तर वरिष्ठांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळी ‘कळवू की नको’ हा विचारच निवासी डॉक्टरने करावयाचा नाही. कळवताना तो आधी सद्यःस्थिती सांगतो, मग पूर्वेतिहास, मग स्वतःचे निदान आणि शेवटी काय करावे असे त्याला वाटते ते. वरिष्ठ आपले मत त्यानंतरच देतात, कारण उत्तर आधीच मिळाले तर विचार करण्याची सवय लागत नाही. औषधाचे नाव व मात्रा निवासी डॉक्टर परत म्हणून दाखवतो आणि केसपेपरवर वेळेसह नोंदवतो. कॅमेरा रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या संमतीनेच सुरू होतो, आणि रुग्णाचे छायाचित्र कोणाच्याही खासगी मोबाइलवर ठेवले जात नाही.

दुरून दिलेल्या मार्गदर्शनाने खरोखर फरक पडतो का? अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या आजारावर उपचार करणाऱ्या ग्रामीण दवाखान्यांतील व तुरुंगांतील आरोग्यसेवकांशी विद्यापीठातील विशेषज्ञ पडद्यावरून नियमित चर्चा करीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विषाणू नाहीसा होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर या दूरच्या केंद्रांवर ५८.२ टक्के आढळले. ते आरोग्यसेवक निवासी डॉक्टर नव्हते, हे खरे. तरीही नियमित चर्चेतून दूरवर बसलेल्या विशेषज्ञाचे ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचू शकते, एवढे यातून निश्चित दिसते.

टॅबलेट, खाटेजवळ नेता येणारा स्टँड, भरवशाचे इंटरनेट आणि वीज गेल्यास चालणारा इन्व्हर्टर ही या व्यवस्थेची सामग्री. आमच्या हितचिंतकांच्या देणग्यांतून ती उभी राहते, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु याहून मोलाची गोष्ट विकत मिळत नाही. रात्री तीन वाजता उठवले गेलेले वरिष्ठ ‘एवढ्यासाठी उठवलेस?’ असे म्हणाले, तर पुढच्या वेळी तो कॉल येणार नाही आणि सारी सामग्री व्यर्थ ठरेल. ‘बरे केलेस, विचारलेस’ हे शब्द आमच्या मानद व पूर्णवेळ वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडी रुळावेत, हा आमचा आग्रह आहे.

रुग्णांच्या आप्तांना आमची नम्र विनंती आहे, की मनात शंका आल्यास निवासी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : ‘डॉक्टर, वरिष्ठांशी बोलणे झाले का?’ या प्रश्नाने येथे कोणाचाही अपमान होणार नाही.