घर कोणाचं? घटस्फोट आणि पती-पत्नीची मालमत्ता

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला विचारलं, "सर, वीस वर्षं संसार केला. आता वेगळं व्हायचं म्हटलं तर घरात माझा अर्धा वाटा असतोच ना?" मी वकील नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण एखादी वस्तू 'माझी' कशामुळे होते, हा आमचाही फार जुना प्रश्न आहे. म्हणून आज तोच विषय घेऊ.

उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेतला अर्धा वाटा बायकोला आपोआप मिळत नाही. बायकोच्या मालमत्तेतला नवऱ्यालाही मिळत नाही. लग्नामुळे मालकी बदलत नाही. दस्तावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले, हेच पाहिलं जातं.

मग मिळतं काय? इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली, स्त्रीधन. माहेरून, सासरहून, नातलगांकडून तिला मिळालेले दागिने, पैसे, वस्तू. ते पूर्णपणे तिचं. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्रीधन सासरच्यांच्या कपाटात असलं तरी ते फक्त सांभाळणारे असतात. परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो.

दुसरी, लग्नाच्या सुमारास भेट आलेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तू. त्यांचं काय करायचं हे न्यायालय कलम २७ खाली ठरवू शकतं.

तिसरी, कायमची पोटगी, कलम २५. एकरकमी किंवा दरमहा. दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक पाहून न्यायालय ती ठरवतं. बरं का, ही नवराही मागू शकतो.

आता पोटगी आणि वाटा यांतला फरक बघा. पोटगी मागावी लागते, गरज दाखवावी लागते. वाटा मुळातच आपला असतो. दोन्हींत रक्कम सारखी आली, तरी माणसाची मान सारखी राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात दोघं नोकरी करतात. फ्लॅट त्याच्या नावावर, कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून. किराणा, मुलांची फी, आजारपण तिच्या पगारातून. त्याचे पैसे भिंतीत गेले, तिचे भाजीत. पंधरा वर्षांनी भिंत उभी आहे, भाजी संपलेली आहे. तिने खर्च उचलला नसता तर त्याला हप्ता झेपला असता का? आणि जिने नोकरीच केली नाही, घर सांभाळलं, तिच्याकडे तर पावतीसुद्धा नाही!

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणायचा, माणूस वस्तूत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते. मग स्वयंपाकघरातले श्रम कुठे गेले? २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हाच धागा पकडला. नवरा आखातात कमवत होता, बायको इथे घर सांभाळत होती. तिच्या कामामुळेच त्याला कमावता आलं, म्हणून त्या मालमत्तेत तिचा समान वाटा मानला. पण हा एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे, देशभराचा कायदा नव्हे. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आणि आपल्या शेजारी गोव्यात? तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नियम असा, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा भाग असतो. म्हणजे सावंतवाडीत संसार केला तर एक न्याय, आणि पेडण्यात केला तर दुसरा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तीन गोष्टी करा. घर घेताना दस्तावर दोघांची नावं घाला. हप्त्याचा काही भाग दोघांच्याही खात्यांतून जाऊ द्या. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा. हा अविश्वास नव्हे. भांडण नसतानाच हिशेब सरळ मनाने होतो.

त्या बाईंना मी एवढंच म्हणालो, "कायद्यात अजून नाही. पण तुमचा प्रश्न चुकीचा नाही." चांगल्या वकिलाला भेटा, हेही सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो.