ताळेबंद आणि टाळेबंदी

कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली दहा गिनी मोजून एक रुपेरी वाडगे विकत घेतले आणि ते त्या देशातील उत्तम आइस हॉकी संघाला द्यावे म्हणून अर्पण केले, तेव्हा त्या वाडग्यावर पुढे केवढा भार पडणार आहे याची त्यांना कल्पना नसावी. विजेत्यांची नावे कोरण्याची प्रथा पडली. जागा अपुरी पडू लागली तशी वाडग्याच्या बुडाशी कड्यामागून कडी चढत गेली. आणि आज सुमारे साडेचौतीस पौंड वजनाचा आणि पस्तीस इंच उंचीचा तो स्टॅन्ले चषक, वर निमुळता आणि खाली रुंद असा, एखाद्या देवळापुढील दीपमाळेसारखा दिसतो. त्याच्या कड्यांवर शेकडो खेळाडूंची नावे दाटीवाटीने बसली आहेत. त्या दाटीतच एके ठिकाणी कोणाचेही नाव नाही. तेथे २००४-०५ हे साल आणि हंगाम खेळला गेला नाही एवढाच मजकूर कोरलेला आहे.

या कोऱ्या जागेच्या लगेच आधी ज्या संघाची नावे आहेत, तो संघ फ्लॉरिडातल्या टँपा शहराचा. संघाचे नाव लाइटनिंग, म्हणजे वीज. आणि त्या किनाऱ्यावरची उन्हाळी वादळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते नाव यथार्थ वाटेल. ज्या गावी हिमवर्षाव ही जवळजवळ ऐकीव गोष्ट, जेथे रस्त्यांच्या कडेने ताडामाडाची झाडे डोलतात आणि जून महिन्यात अंगाला घामाच्या धारा लागतात, तेथे बंदिस्त सभागृहात यंत्रांच्या साहाय्याने इंचभर जाडीचा बर्फ गोठवून, पायांत पाती लावलेले बूट घालून, सहा गडी या बाजूचे आणि सहा त्या बाजूचे, एका काळ्या रबरी चकतीमागे धावतात, हे दृश्यच मोठे विलक्षण आहे. हा संघ १९९२ साली स्थापन झाला आणि पुढे कित्येक वर्षे हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. त्याने ७ जून २००४ च्या रात्री कॅनडाच्या कॅल्गरी संघाला सातव्या आणि निर्णायक सामन्यात २-१ असे हरवून चषक जिंकला. कर्णधार डेव्ह अँड्रिचक तेव्हा चाळीस वर्षांचा होता. व्यावसायिक हॉकीतला तो त्याचा बाविसावा हंगाम, आणि चषक डोक्यावर उचलण्याचा पहिलाच योग.

विजेत्या संघातील प्रत्येक खेळाडूला उन्हाळ्यात एक दिवस तो चषक आपल्या गावी नेता येतो, अशी रीत आहे. ती रीत यथासांग पार पडली. आता शरद ऋतूत हंगाम सुरू व्हायचा, विजयध्वज छताला चढायचा आणि मग त्या रहाटगाडग्याला पुन्हा गती यायची, असा सर्वांचा हिशेब होता. परंतु १५ सप्टेंबर २००४ रोजी नॅशनल हॉकी लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांच्यातील करारनाम्याची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून मालकांनी तीसही संघांच्या दारांना कुलूप घातले.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. कामगाराने काम थांबविले तर तो संप. मालकाने कामगाराला कामावर येऊ दिले नाही तर ती टाळेबंदी. मुंबईच्या गिरणगावाने हे दोन्ही शब्द स्वतःच्या संसारावर झेललेले असल्यामुळे मराठी वाचकाला त्यांतील भेद नव्याने सांगण्याचे कारण नाही. मात्र अमेरिकेतील पुष्कळ प्रेक्षक त्या हिवाळ्यात खेळाडूंनी संप केला असेच म्हणत राहिले, आणि हा घोटाळा मालकांच्या पथ्यावरच पडला. वर्षाला सरासरी अठरा लाख डॉलर मिळविणाऱ्या माणसाला कामगार म्हणावे काय, हा प्रश्न मनात येतो हे खरे. पण मिळकत किती यावरून कोणी मालक किंवा कामगार ठरत नाही. दरवाजाची किल्ली कोणाच्या खिशात आहे यावरून ठरते, आणि ती किल्ली खेळाडूंकडे नव्हती.

भांडणाचे मूळ ताळेबंदात होते. लीगने अमेरिकी शेअरबाजाराच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांच्याकडून हिशेबतपासणी करवून घेतली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, २००२-०३ च्या हंगामात सर्व संघांना मिळून २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला, आणि उत्पन्नातील दर शंभर डॉलरपैकी पंचाहत्तर डॉलर खेळाडूंवर खर्च झाले. संघटनेने हे आकडे मानले नाहीत. सभागृह, वाहनतळ, दूरचित्रवाणीचे हक्क अशा ज्या बाबी एकाच मालकाच्या निरनिराळ्या कंपन्यांत वाटलेल्या असतात, त्यांतील कोणते उत्पन्न हॉकीचे म्हणून धरावे आणि कोणते धरू नये, यावर उभयपक्षी एकमत होणे कठीणच होते. जमेची बाजूच जेथे वादग्रस्त, तेथे खर्चाच्या बाजूवर सही कोण करणार?

लीगचे आयुक्त गॅरी बेटमन आणि संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाउ हे दोघेही व्यवसायाने वकील. बेटमन यांची मागणी एकच होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही: प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा असलीच पाहिजे. तिच्यावाचून लहान गावांचे संघ मोठ्या शहरांपुढे टिकणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. आता गंमत अशी की, मुक्तहस्ताने पैसा ओतणारा न्यूयॉर्कचा रेंजर्स संघ सलग सात वर्षे बाद फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. उलट २००४ च्या अंतिम सामन्यात जे दोन संघ उतरले, ते टँपा आणि कॅल्गरी, पगारखर्चाच्या यादीत वरच्या क्रमांकांत मुळीच नव्हते. म्हणजे मालकांच्या म्हणण्याला सर्वांत सणसणीत उत्तर त्यांच्या विजेत्यांनीच दिले होते. पण वाटाघाटींच्या मेजावर बर्फावरच्या पुराव्याला किंमत नसते.

डिसेंबरात संघटनेने सर्व चालू करारांतील पगार चोवीस टक्क्यांनी कमी करून घेण्याची तयारी दर्शविली. हा देकार लहान नव्हता. तरी मालकांनी कपात स्वीकारार्ह मानली आणि मर्यादेचा आग्रह तसाच ठेवला. फेब्रुवारीच्या मध्यावर अखेर गाठ सैल झाली. मर्यादा तत्त्वतः मान्य आहे असे खेळाडू म्हणाले, आणि तिची उत्पन्नाशी सांगड घालण्याचा हट्ट मालकांनी सोडला. उरला तो केवळ आकडा. मालक ४ कोटी २५ लाख डॉलरवर येऊन थांबले, खेळाडू ४ कोटी ९० लाखांवर. दर संघामागे पासष्ट लाख डॉलरचे अंतर! बाजारात भाजी घेणारी गृहिणीही अशा वेळी मधला आकडा सुचवून मोकळी होते. पण महिनोन् महिने एकमेकांचा अविश्वास जोपासलेल्या त्या दोन पक्षांना ते साधले नाही. १६ फेब्रुवारी २००५ रोजी बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले. १,२३० साखळी सामने आणि त्यांपुढील सारी बाद फेरी एका निवेदनाने पुसली गेली. उत्तर अमेरिकेतील एखाद्या प्रमुख व्यावसायिक लीगचा अख्खा हंगाम मालक-कामगार तंट्यापायी बुडाल्याचे हे पहिलेच उदाहरण. तीन दिवसांनी वेन ग्रेट्स्की आणि मारिओ लम्यू या दोन थोर खेळाडूंना मध्ये घालून आणखी एक बैठक झाली, तीही निष्फळ ठरली.

दरम्यान टँपाचे विजेते पोटासाठी म्हणा किंवा पायांतली सवय मोडू नये म्हणून म्हणा, देशोधडीला लागले होते. व्हिन्सेंट लकाव्हालिए, ब्रॅड रिचर्ड्स आणि गोलरक्षक निकोलाय खबिबुलिन हे तिघेही रशियातील कझान शहरी गेले. आपल्या सहस्राब्दीच्या उत्सवाची तयारी करणाऱ्या त्या शहराने लीगमधील तारेच्या तारे विकत घेतले होते. एवढे करून तो संघ उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला. मार्टँ सँ लुई स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या संघातून खेळला. कर्णधार अँड्रिचक मात्र घरीच बसला. आणि ज्यांना कझानही नव्हते आणि लोझानही नव्हते, ते सभागृहातील द्वारपाल, तिकिटे फाडणारे, खाद्यपदार्थ विकणारे, सामन्यानंतर खुर्च्यांखालचे कागद गोळा करणारे लोक, त्यांचे घरच्या मैदानावरील एकेचाळीस रात्रींचे वेतन बुडाले. त्यांच्या वतीने वाटाघाटींना कोणीही बसले नव्हते.

कॅनडाची अवस्था आणखी करुण झाली. शनिवारी रात्री राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर हॉकी पाहणे हे तेथील घराघरांतले व्रतच होते. त्या हिवाळ्यात त्या वेळी चित्रपट दाखविण्यात येऊ लागले. टोरंटोतील काही हौशी खेळाडूंना हे सहन होईना. चषक लॉर्ड स्टॅन्ले यांनी देशाला दिला आहे, लीगच्या मालकीचा नाही, तेव्हा लीग खेळत नसेल तर इतरांनी त्यासाठी खेळावे, असा दावा त्यांनी न्यायालयात लावला. २००६ साली समेट झाला आणि लीगने स्पर्धा घेतली नाही अशा वर्षी तो चषक अन्य संघास देण्याची मुभा विश्वस्तांना आहे, असे मान्य करण्यात आले. या साऱ्या प्रकरणात मला हे हौशी लोकच अधिक शहाणे वाटतात.

तहनामा झाला तो जुलै २००५ मध्ये, टाळेबंदी सुरू झाल्यापासून तीनशे दिवस उलटून गेल्यावर. त्याची कलमे पाहिली म्हणजे मन खिन्न होते. कमाल मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर. म्हणजे फेब्रुवारीत जो आकडा तुटपुंजा म्हणून खेळाडूंनी नाकारला होता त्याहूनही पस्तीस लाखांनी कमी. त्याखेरीज चोवीस टक्के कपात कायम, आणि उत्पन्नाशी सांगड पुन्हा लागू: खेळाडूंचा वाटा ५४ टक्के. काही दिवसांतच गुडनाउ यांनी पद सोडले. सर्वांनी मालकांचा विजय झाला असे म्हटले, आणि त्या दिवशी ते खरेच होते. परंतु ज्या सांगडीला खेळाडू इतके भीत होते तीच पुढे त्यांच्या कामी आली. उत्पन्न वाढले तशी मर्यादाही वर सरकली. २००६-०७ मध्ये ती ४ कोटी ४० लाखांवर, त्यानंतर ५ कोटी ३ लाखांवर आणि २००८-०९ मध्ये ५ कोटी ६७ लाखांवर गेली. ज्या ४ कोटी ९० लाखांसाठी एक संपूर्ण वर्ष जाळले, तो आकडा तिसऱ्याच हंगामात मागे पडला.

त्या मर्यादेची पहिली झळ मात्र टँपालाच लागली. लहान शहरांच्या संघांचे रक्षण करण्यासाठी म्हणून आणलेल्या नियमात, आघाडीच्या खेळाडूंना टिकवून धरल्यावर, गोलरक्षकासाठी पुरेसा पैसा उरला नाही. खबिबुलिन चार वर्षांसाठी २ कोटी ७० लाख डॉलर घेऊन शिकागोला गेला. विजयानंतर सोळा महिन्यांनी, ५ ऑक्टोबर २००५ रोजी, विजयध्वज अखेर छताला चढला तेव्हा त्याखाली उभा असलेला संघ पूर्वीचा राहिला नव्हता. बेचाळीस वर्षांच्या अँड्रिचकला त्याच हंगामात, जानेवारीत, मोकळे करण्यात आले. वसंतात लाइटनिंग पहिल्याच फेरीत ऑटावाकडून हरला आणि चषक कॅरोलायनाला गेला.

टँपाला तो चषक पुन्हा मिळण्यास सोळा वर्षे लागली. २८ सप्टेंबर २०२० रोजी डॅलसला हरवून लाइटनिंगने तो दुसऱ्यांदा जिंकला, तो आपल्या गावी नव्हे, तर कॅनडातील एडमंटन शहरी, महामारीमुळे एकही प्रेक्षक नसलेल्या सभागृहात.