पाऊस ओसरल्यावर कुंड्यांची तयारी

भिवंडीजवळच्या मानकोली परिसरात कुंड्यांच्या हिवाळी तयारीला सुरुवात होते ती मोसमी पाऊस परतल्यावर. हवामान विभागाच्या सध्याच्या तारखांप्रमाणे मुंबई भागातून पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. पुढचे दोन-तीन आठवडे ऑक्टोबर हीटचे, आणि थंडीची चाहूल लागते दिवाळीच्या आगेमागे. ही थंडी झाडे मारणारी नसते. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेला नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ चा. त्यामुळे थंड मुलखांतल्या बागकामाच्या पुस्तकांत सांगतात तसे कुंड्यांना गोणपाट गुंडाळण्याचे किंवा झाडे घरात हलवण्याचे इथे काही कारण नाही. उल्हास खाडीकाठच्या या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मोसमी फुलांचा आणि पालेभाज्यांचा हंगाम. तयारी करायची ती पावसाने कुंडीची जी दशा केलेली असते ती सुधारण्याची.

ठाणे जिल्ह्याच्या या भागात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरच्या कुंडीतून तेवढे पाणी झिरपून जाताना मातीतले नत्र आणि पालाश धुऊन नेते. माती दबून घट्ट होते, वर हिरवट शेवाळ धरते आणि तळाचे भोक मुळांनी किंवा चिखलाने बुजते. म्हणून पहिले काम भोकाचे. कुंडी आडवी करून खालून जाड तार किंवा काडी घालून भोक मोकळे करतात. मग वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने उकरून शेवाळासकट काढून टाकतात. उघडी पडलेली कुंडी दोन-तीन दिवस उन्हात तापू दिली की पावसाळ्यात कडेला घातलेली गोगलगायींची अंडी बहुतेक वाळून जातात. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या-पिवळसर गोळ्यांचा पुंजका दिसला, तर तो मात्र वेचून नष्ट करावा.

मुळांनी कुंडी गच्च भरलेली असेल तर वरवरची मलमपट्टी पुरत नाही. गड्डा अख्खा बाहेर काढून कडेची गुंडाळलेली मुळे चौथाईपर्यंत छाटतात आणि नवी माती भरतात. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस, हे मिश्रण इथे मानवते. भातगिरणीतून तूस सहज मिळते. प्रत्येक मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घातली की हुमणीला आणि मुळांवरच्या सूत्रकृमींना थोडा आळा बसतो. निचऱ्यासाठी रेती घालायची तर ती खाडीची नसावी. तिच्यातले मीठ कुंडीत उतरते आणि पानांच्या कडा करपू लागल्यावरच ते लक्षात येते.

कुंडीच असली पाहिजे असेही नाही. मासळीबाजारातल्या थर्माकोलच्या पेट्या मेथी-पालकाला उत्तम. त्या हलक्या असतात आणि त्यांत ओल टिकते. तळाला भोके मात्र पाडावी लागतात. रंगाच्या रिकाम्या बादल्या नीट घासून धुतल्यावर फुलझाडांना चालतात. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात जुने प्लास्टिकचे पिंपही स्वस्तात मिळते, पण पूर्वी त्यात काय होते हे ठाऊक नसेल तर ते भाजीला वापरू नये. रसायनाचा वास गेला म्हणजे रसायन गेले असे होत नाही.

छाटणीत गुलाबाचा मान पहिला. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत, वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. निरोगी फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोड्या वर तिरप्या कापतात, म्हणजे नवा फुटवा झुडपाच्या आत न वळता बाहेर जातो. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावतात. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात फुले येतात. मोगऱ्याला मात्र ही घाई चालत नाही. त्याचे पाणी डिसेंबरात कमी करायचे, पाने झडू द्यायची आणि छाटणी जानेवारीत करायची; त्याचा बहर उन्हाळ्याचा आहे.

शेवंतीचा हिशेब रात्रीच्या लांबीवर चालतो. या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. शेंडे खुडायचे ते ऑगस्टपर्यंत. त्यानंतर खुडले तर फुटव्यांबरोबर कळ्याही मागे पडतात. महामार्गालगतच्या घरांत आणखी एक अडचण येते. गोदामांच्या आवारातले झगझगीत दिवे रात्रभर गच्चीवर पडत असतील, तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. खत-पाणी सगळे वेळेवर मिळूनही शेवंती नुसती पानांनीच डवरते. अशी कुंडी भिंतीच्या आडोशाला, अंधाऱ्या बाजूला सरकवणे एवढाच उपाय. पॉइनसेटियाची पाने लाल होत नाहीत, त्याचेही कारण बहुधा हेच.

मोसमी फुलांची रोपे सप्टेंबरअखेरीस आडोशाखाली ट्रेमध्ये तयार करतात. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते. ते चमचाभर कोरड्या बारीक मातीत मिसळून ओलसर पृष्ठभागावर पसरतात आणि वरून माती टाकत नाहीत, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी झारीने दिले तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू देतात. झेंडूला असले लाड लागत नाहीत. त्याचे रोप महिन्याभरात लावण्याजोगे होते. भाज्यांत मेथी, पालक, मुळा ऑक्टोबरअखेरपासून पेरता येतात. कोथिंबीर थांबलेली बरी. उन्हाच्या तडाख्यात धणे नीट उगवत नाहीत, आणि पेरण्याआधी ते रगडून दोन दले वेगळी करावी लागतात. वालपापडीचा वेल गच्चीवर दोरीच्या मांडवावर छान चढतो, फक्त माव्यावर नजर हवी.

काही झाडे या दिवसांत विश्रांती घेतात. कॅलेडियमची पाने नोव्हेंबरात पिवळी पडून वाळतात. त्याचे कंद कुंडीतच कोरडे ठेवावेत किंवा काढून सावलीत वाळूत ठेवावेत. फुटबॉल लिलीचेही तसेच. अडेनियम पाने टाकू लागले की पाणी जवळपास बंद करायचे. झाड मेले या समजुतीने रोज पाणी घालणारेच त्याचे बुड कुजवतात.

पाण्याचे वेळापत्रक ठरवून चालत नाही. ऑक्टोबरात रोज लागते, डिसेंबरात दिवसाआड पुरते. बोट दोन पेरे मातीत खुपसून कोरडे आले तरच घालावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मातीच्या कुंडीवर पांढरे चट्टे उमटतात. अशा वेळी अधूनमधून तळातून वाहेपर्यंत गोडे पाणी देऊन क्षार धुऊन काढतात.

कोरड्या हंगामात खरा त्रास धुळीचा. मुंबई–नाशिक महामार्गावरून दिवसरात्र ट्रक धावतात, आणि आठवड्याभरात पानांवर करड्या धुळीचा थर बसतो. त्याने पानाला मिळणारा उजेड घटतो आणि लाल कोळीचेही फावते. सकाळी पाने वरून-खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत. संध्याकाळी नको, कारण ओली पाने आणि गार रात्र रोगांना आमंत्रण देतात. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने काढून लिटरभर पाण्याला पाच मिली कडुनिंबाचे तेल, थोड्या साबणासह, फवारतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढते आणि पिटुनिया सुकू लागतो. तेव्हा त्या कुंड्या रिकाम्या करून माती उन्हात पसरतात आणि मोगऱ्याचे पाणी पुन्हा वाढवतात.