नातवंडांबरोबर बोटीत बसण्याआधी



गेल्या उन्हाळ्यात जावयाच्या मोटरबोटीतून आम्ही अश्दोदच्या मरीनाबाहेर पडलो. नातवंडं पुढे, मी आपली मागच्या बाकावर सावलीत. ऊन लागू नये म्हणून बाजूचे पडदे खाली सोडलेले. मासे पकडायला बोट थांबवली, पण इंजिन तसंच चालू. थोड्या वेळाने माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं. मुलगी म्हणाली, "ममा, तुला बोट लागली." पण समुद्र तर अगदी शांत! इतकी वर्षं वॉर्डात काढलेली, मला शंका आली. इंजिन बंद करायला लावलं, पडदे उघडले आणि पुढे वाऱ्यावर जाऊन बसले. हळूहळू बरं वाटलं. परत येऊन डॉक्टरांनाही दाखवलं. बोट तपासली तेव्हा धूर बाहेर नेणाऱ्या रबरी नळीची क्लिप सैल झालेली सापडली.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लक्षणं बोट लागल्यासारखीच : डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप. हृदयविकार असलेल्यांना तर धोका अधिक. म्हणून इंजिन चालू असताना मागे डुलकी काढू नका. असं वाटलं तर आधी मोकळ्या हवेत जा, सगळ्यांना सांगा आणि १०१ ला फोन करा. बोटीत या वायूचा अलार्म बसवून घ्या, आणि त्याचं बटण दाबून तो वाजतो का ते दर वेळी पाहा.

वॉर्डात ड्यूटी सुरू होताना आम्ही ऑक्सिजनचा सिलिंडर आधी बघायचो, पेशंट घाबरा झाल्यावर नाही. बोटीचंही तसंच.

पहिलं, पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. इंजिन आत बसवलेलं असेल तर झाकण उघडून वास घ्या. वास आला तर इंजिन सुरू करायचंच नाही, गळती शोधायची. वास नसला तरी सुरू करण्याआधी तळातला पंखा निदान चार मिनिटं चालवा. पेट्रोल भरल्यावर तर नक्कीच.

दुसरं, तेल. आपण मूळचे शनिवार तेली, तेलाची पारख आपल्याला कोणी शिकवायला नको! इंजिन बंद असताना डिपस्टिक काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. तशी बोट बाहेर न्यायची नाही.

तिसरं, पाणी. तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप आपोआप चालू होतो का, त्याचा तरंगता स्विच हाताने उचलून पाहा. इंजिन थंड ठेवणारं पाणी मागून बाहेर पडतंय ना, तेही पाहा. पडत नसेल तर बहुधा पंपातलं रबरी चाक झिजलेलं असतं. समुद्रातून आल्यावर इंजिनमधून गोडं पाणी सोडून मीठ धुऊन काढायचं.

चौथं, आपली माणसं. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, तेही अंगात घातलेलं, बाकाखाली ठेवलेलं नव्हे. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यावर हवा.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले, असं आपण लहानपणापासून ऐकलं. त्यांच्या हातात काही नव्हतं, आपल्या हातात आहे. तेव्हा जावयाला किंवा मुलाला विचारायला लाजू नका. माझा जावई आधी हसला, "सावता, तुम्ही मेकॅनिक कधी झालात?" आता झाकण उघडलं की तोच मला हाक मारतो, "या, वास घ्या."