नळ आहे, पण चावी कोणाच्या हाती?

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत होते, त्या वेळी त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी शाळेतला नळ त्यांनी उघडायचा नाही. शिपायाने उघडला तरच पाणी मिळे; शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारून बसायचे. नळ होता, नळाला पाणीही होते. तो उघडण्याचा अधिकार तेवढा नव्हता.

शाळेतल्या ऑनलाइन शिक्षणाचा विचार करताना ही हकीकत वारंवार आठवते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आला. आमच्या वस्तीतील एका घरात तीन मुले आणि फोन एक. टाळेबंदी सैल झाली तसे वडील बिगारी कामाला जाऊ लागले. मुकादमाचा निरोप फोनवरच यायचा, म्हणून फोनही त्यांच्याबरोबर जायचा. रात्री फोन घरी आला की पहिली पाळी थोरल्या मुलाची, मग धाकट्याची. सातवीतल्या मुलीची पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे. ती मुलगी आळशी नव्हती, मंदही नव्हती. पण पाया कच्चा राहिला तो राहिलाच. २०२४ मध्ये दहावीला ती गणितात राहिली.

हे एका घराचे दुखणे नाही. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात शंभरातील जेमतेम चार आणि शहरात सुमारे तेवीस घरांत संगणक होता. त्यानंतर मोबाईल वाढले हे खरे. पण घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती अभ्यासासाठी तासभर मिळणे, यांत फार अंतर आहे.

मग ऑनलाइन शिक्षणाला विरोध करायचा काय? मुळीच नाही! यंत्राला नावे ठेवून आपली मुले मागे राहतील, दुसऱ्यांची पुढे जातील. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. ते मोफत आहे. बालभारतीच्या पुस्तकात छापलेला क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते. एकदा उतरवून ठेवले की पुन्हा पाहताना डेटा लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही याच वाटेवर भर दिला आहे. म्हणजे उद्याच्या शाळेत फळा आणि पडदा दोन्ही राहणार.

मात्र मोफताच्या शेजारी बाजारही बसला आहे. घरी येऊन गोड बोलणारा विक्रेता आईबापांची सही घेतो आणि नंतर कळते, की ती सही कर्जाच्या कागदावर होती. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केले होते: फीचे पैसे खात्यातून आपोआप वळते होण्याची मुभा देऊ नका, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, 'फुकट' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. या धंद्यातील देशातल्या एका बड्या कंपनीवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. आपल्या घामाचा पैसा अशा ठिकाणी घालण्यापूर्वी चार जाणत्यांना विचारा.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. तिच्या आईने धीर सोडला नाही. वस्तीतला बी.एस्सी. झालेला एक तरुण रोज संध्याकाळी विहारात बसू लागला. मोबाईलवर धडा लावायचा, मध्येच थांबवायचा, 'कळले का?' विचारायचे, नाही कळले तर पाटीवर सोडवून दाखवायचे. पुरवणी परीक्षेत मुलगी पास झाली. धडा मोबाईलमध्ये आधीही होता. 'कळले का?' विचारणारा माणूस नव्हता, तो मिळाला.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः महिला मंडळांना विनंती आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डी.जे.चा खर्च कमी करा आणि विहारात एक जुना का होईना संगणक व इंटरनेटची जोडणी घ्या. वेळापत्रक भिंतीवर लावा आणि त्यात मुलींची पाळी पहिली ठेवा. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात. शाळेच्या पालकसभेत विचारा: शाळेतला संगणक चालू आहे की कपाटात बंद आहे? मुले त्यावर बसतात काय?

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. कोणी येऊन दार उघडील म्हणून ते थांबले नाहीत. या नळाची चावीही आपणच हाती घेतली पाहिजे.

जयभीम!