जे फिरते ते ओढते

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या बंधूंसह याच शहरात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनविले, व १९१० साली आपला उद्योग कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीस नेला. त्याच घराण्याच्या पुढाकाराने १९४१ साली हरिहर येथे लेथयंत्रे बनविण्याचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने लोखंड कापण्याची विद्या आमच्या मुलुखात अशी जुनी आहे. आज बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथशाळा शेजारी शेजारी चालतात. निपाणीकडची मुले महामार्गाने कागल व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जातात. आई निपाणीत विड्या वळते किंवा खानापुराकडे भाताची लावणी करते, आणि मुलगा लेथसमोर उभा असतो, असे घर आता आमच्या गावांत नवलाचे राहिलेले नाही.

त्या आईला विळा ठाऊक आहे. तो कोठे लागतो, कसा धरावा आणि लागला तर काय करावे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण मुलाच्या हाताखालचे यंत्र तिने कधी पाहिलेले नसते. म्हणून तो घरून निघताना ती मायेने सांगते, "बाळा, हातमोजे घालून काम कर हो." या सांगण्यात माया पुरी आहे, परंतु लेथ किंवा ड्रिल यंत्रापुढे हा सल्ला घातक आहे. तो घातक का, हे ज्याला समजले त्याला यंत्रापुढील सावधगिरीचे निम्मे शिक्षण मिळाले, असे आम्ही म्हणू.

विळ्याची जखम धारेने होते. फिरत्या यंत्राचा मोठा धोका धारेत नसून फिरण्यात आहे. जे फिरते ते ओढते. हे थोडा हिशोब करून पाहू. लेथमध्ये काम पकडून धरणारा जो गोल जबडा असतो, त्याला चक म्हणतात. त्याचा व्यास वीस सेंटीमीटर धरला, तर परीघ सुमारे त्रेसष्ट सेंटीमीटर होतो. तो मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला दहा फेरे झाले. म्हणजे त्यात अडकलेले कापड एका सेकंदात सहा मीटरांहून अधिक गुंडाळले जाईल. काही तरी अडकले आहे हे मनाने ओळखून हात मागे घेण्यास माणसाला पाव सेकंद तरी लागतोच. तेवढ्यात दीड मीटर कापड आत गेलेले असते, आणि सदऱ्याची बाही तर अर्ध्या मीटरची असते! "मी चपळ आहे, मला काही होणार नाही," हे तरुण मुलांचे नेहमीचे वाक्य या हिशोबापुढे टिकत नाही.

हातमोज्याचे हेच आहे. नुसत्या बोटाला यंत्र निसटते लागले तर कातडी सोलवटेल. पण मोजाचा एक धागा अडकला तर मोजा आत जातो, आणि मोजाबरोबर हात. हातमोजे वाईट नव्हेत. भट्टीपाशी, खरखरीत ओतीव माल उचलताना, धारदार पत्रे हलविताना, थांबलेल्या यंत्राची सफाई करताना ते अवश्य घालावेत. यंत्र सुरू करण्यापूर्वी मात्र ते काढून ठेवावेत.

बाही, मफलर, शर्टाचा सुटा पदर, मनगटातील कडे व दोरा, बोटातील अंगठी, गळ्यातील साखळी, मोकळे केस या सर्वांना तोच नियम लागू आहे. आमच्या घरांतील पुष्कळ मुले गळ्यात जपमाळ किंवा पवित्र पदकाची दोरी घालतात. कामाच्या वेळी ती काढून घरी किंवा डब्याच्या पिशवीत ठेवावी. यात भक्तीची काही उणीव होत नाही. बाही एक तर कोपराच्या वर असावी किंवा मनगटाशी घट्ट बटण लावलेली असावी. शर्ट आत खोचलेला असावा आणि पायात भक्कम बूट असावेत, चप्पल नव्हे. हे सारे घरातून निघतानाच पाहता येते आणि ते पाहण्याला यंत्रविद्येची गरज नाही.

हे अडाण्यालाच सांगावे लागते, असे कोणी समजू नये. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल या नामांकित विद्यापीठाच्या यंत्रशाळेत बावीस वर्षांची एक हुशार विद्यार्थिनी रात्रीच्या वेळी एकटीच लेथवर काम करीत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि ती मरण पावली. जवळ दुसरे कोणी असते तर निदान वीज बंद करता आली असती. एकट्याने, रात्री, थकलेल्या डोळ्यांनी यंत्र चालवू नये, हा धडा त्या घटनेने साऱ्या जगाला दिला.

यंत्रागणिक काही नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. चक घट्ट करण्याची चावी कामानंतर तशीच चकमध्ये राहिली आणि बटण दाबले, तर ती गोफणीच्या दगडासारखी सुटते. म्हणून चावीवरचा हात उठेल तो चावी घेऊनच उठावा. पोलाद कापताना निघणारी लांब, वळलेली, तापलेली साल पात्यासारखी धारदार असते. बीड कापले तर बारीक कण डोळ्याच्या रोखाने उडतात. त्या सालीला हात लावू नये. यंत्र थांबवून ब्रशाने किंवा आकड्याने ती ओढावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. कपड्यांवरील कचरा झटकण्यासाठी हवेची नळी अंगाकडे धरण्याची खोड पुष्कळांना असते, तीही सोडावी. दाबाची हवा कचऱ्याचे कण डोळ्यात व कातडीत घुसवते.

ड्रिल करताना पत्र्याचा तुकडा कधीही हाताने धरू नये. भोक आरपार होण्याच्या क्षणी ड्रिल त्यात अडकते आणि तो तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरू लागतो. तो पकडीत आवळूनच भोक पाडावे. घासणीयंत्राचा नवा दगड बसविण्यापूर्वी तो लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावा. बाजारात आपण मडके वाजवून घेतो, तसेच हे आहे. खणखणीत वाजला तर दगड अखंड आहे. बद्द वाजला तर त्याला तडा असण्याचा संभव आहे, तो वापरू नये. दगड आणि टेकू यांत तीन मिलिमीटरांहून अधिक फट ठेवू नये, आणि सुरू करताना दगडाच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. पत्रा कापणाऱ्या व दाबणाऱ्या प्रेसमध्ये माल घालण्यासाठी चिमटा वापरावा, बोटे नव्हेत. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच चालणारी प्रेस असेल, तर एक बटण चिकटपट्टीने बांधून ठेवण्याची युक्ती कोणी शिकवील. ती शिकू नये. दोन बटणे अशासाठीच असतात की घाव पडताना दोन्ही हात बाहेर असावेत.

या सर्वांच्या मुळाशी एक शिस्त आहे. माप घेणे, पुसणे, तेल घालणे, माल बदलणे, ही कामे यंत्र पूर्ण थांबल्यावरच करावयाची. बटण बंद केल्यानंतरही चक काही क्षण फिरत राहते. ते हाताने दाबून थांबविण्याची घाई अनेकांना भोवली आहे.

आता प्रश्न येतो की, हे सारे ठाऊक असूनही अपघात का होतात? आमच्या मते बहुतेकदा घाईने होतात. मजुरी नगावर असते, वरची जाळी पुढे असली की माल घालण्यास वेळ लागतो, म्हणून जाळी काढून कोपऱ्यात ठेवली जाते. येथे दोष केवळ कामगाराचा मानणे अन्यायाचे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची आणि ते भाग फिरत असताना कुंपण जागेवर राखण्याची जबाबदारी कारखाना चालविणाऱ्यावर टाकली. अल्पवयीन मुलाला शिक्षण व देखरेख यांवाचून धोक्याच्या यंत्रावर उभे करू नये, असेही त्यात सांगितले. पुढे २०२० च्या संहितेत तो जुना कायदा सामावून घेण्यात आला. पण जाळी मालकाने पुरवावी आणि कामगाराने ती काढू नये, हे तत्त्व शहाणपणाचेच आहे.

१९२३ साली झालेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला तर कमावण्याची शक्ती शेकडा किती कमी झाली असे मानावे, याचा तक्ता त्यात दिला होता. अंगठा गेला तर तीस. एका हाताची दोन बोटे गेली तर वीस. चारही बोटे गेली तर पन्नास. कायद्याला कोठे तरी आकडा लिहावाच लागतो. पण ज्या मुलाचा अंगठा जातो त्याला शर्टाचे बटण लावणे, घास मोडणे, विहिरीचा दोर धरणे पुन्हा शिकावे लागते, आणि त्याचा आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो.

एवढी काळजी घेऊनही अपघात झालाच, तर प्रथम वीज बंद करावी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटून पडले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, त्याने ते मरते. मग क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. हळद, चहापूड, तंबाखू जखमेत भरू नये.

आईबापांना आमची एक विनंती आहे. मुलगा कामावर लागला की पगार किती, हे आपण पहिल्या दिवशी विचारतो. त्याचबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. यंत्र चालवावयास तुला कोणी शिकविले? त्याला जाळी आहे काय, आणि ती जागेवर असते काय? बंद करण्याचे बटण हाताशी आहे काय? कर्मचारी विम्यात तुझे नाव घातले आहे काय? पोरगा सुरुवातीस हसेल आणि म्हणेल, "आई, तुला त्यातले काय कळते?" तरी विचारावे. ज्याला घरी उत्तर द्यावयाचे आहे, तो कामावर यंत्राकडे निराळ्या नजरेने पाहतो. आणि उत्तरे बरी आली नाहीत, तर पगार चांगला आहे म्हणून गप्प बसू नये. दुसरे काम मिळते. दुसरा हात मिळत नाही.