मोरचूद
(मयूरतुत्थ, नीला थोथा, कॉपर सल्फेट). तांबे, गंधक व ऑक्सिजन यांचे अकार्बनी संयुग. व्यवहारात मोरचूद म्हणून मिळणारे निळे स्फटिक सजल असून त्यांच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे पाच रेणू जोडलेले असतात. मोराच्या कंठासारख्या रंगामुळे संस्कृतमध्ये याला शिखिग्रीव असेही नाव आहे. निसर्गात ते खाल्कॅन्थाइट या खनिजाच्या रूपात तांब्याच्या खाणींत अल्प प्रमाणात आढळते. शेती, पशुवैद्यक, विद्युत् विलेपन, रंगकाम व शालेय प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी ते नित्य वापरात असल्याने त्याचे धोके व हाताळण्याची सुरक्षित रीत यांची माहिती असणे आवश्यक आहे.

गुणधर्म : स्फटिकांची घनता २.२९ असून त्यांत वजनाने सु. २५.५% तांबे असते. तापविल्यास पाण्याचे रेणू टप्प्याटप्प्याने निघून जातात आणि सु. २००° से. च्या पुढे पांढरी, निर्जल भुकटी उरते. ही भुकटी पाणी शोषून पुन्हा निळी होते, म्हणून द्रवातील पाण्याचा अंश ओळखण्यासाठी ती वापरतात. निर्जल संयुग पाण्यात टाकताना उष्णता बाहेर पडते. सु. ६५०° से. च्या वर संयुगाचे अपघटन होऊन तांब्याचे काळे ऑक्साइड व गंधकाच्या ऑक्साइडांचे दाहक वायू तयार होतात. १०० ग्रॅ. पाण्यात ०° से. ला सु. १४ ग्रॅ. व १००° से. ला सु. ७५ ग्रॅ. निर्जल संयुग विरघळते. विद्राव अम्लधर्मी असतो. त्यात लोखंड बुडविल्यास लोखंड विरघळते व त्याच्या पृष्ठावर तांब्याचा तांबूस थर बसतो. विद्राव लोखंडी, जस्ताच्या किंवा जस्तलेपित भांड्यात ठेवू नये या नियमाचे कारण हेच आहे.

उपयोग : मोरचुदाचा सर्वांत मोठा उपयोग कवकनाशक म्हणून झाला [⟶ कवकनाशके]. फ्रान्समधील मेदॉक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे मिश्रण शिंपडीत असत. अशा वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे बॉर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येअर मार्‌य आलेक्सी मियार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आले व १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच ‘बोर्डो मिश्रण’ होय. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत, तसेच कोकण व गोवा येथील सुपारीच्या बागांत कोळेरोगाविरुद्ध ते परिचित आहे. जनावरांच्या खुरांच्या रोगांवर पायधुणीसाठी, लाकूड टिकविण्यासाठी, जलाशयांतील शैवलांच्या नियंत्रणासाठी आणि लघवीतील शर्करा ओळखणाऱ्या बेनेडिक्ट विक्रियाकारकातही मोरचूद वापरतात. रक्तदात्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन पुरेसे आहे की नाही, हे १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या मोरचूद विद्रावात रक्ताचा थेंब बुडतो की तरंगतो यावरून ठरविण्याची पद्धतही प्रसिद्ध आहे.

विषाक्तता : तांबे हे शरीराला आवश्यक असे लेशमूलद्रव्य आहे. प्रौढ माणसाला त्याची रोजची गरज सु. १ मिग्रॅ. असून ती नेहमीच्या आहारातून भागते. हेच मूलद्रव्य विद्राव्य लवणाच्या रूपाने अधिक प्रमाणात पोटात गेल्यास विष ठरते. मोरचूद गिळल्यावर तोंडाला धातूसारखी चव येते, घशात व पोटात आग होते आणि थोड्याच वेळात निळसर-हिरव्या उलट्या सुरू होतात. या वांतिकारक गुणामुळे पूर्वी ते विषबाधेवर ओकारीचे औषध म्हणून देत. परंतु उलटीबरोबर सर्व मात्रा बाहेर पडेलच याची खात्री नसते व उरलेले तांबे स्वतःच विष ठरते. म्हणून हा उपयोग आता पूर्णपणे त्याज्य मानला जातो.

शोषले गेलेले तांबे रक्तातील तांबड्या कोशिकांवर आघात करते. कोशिका फुटून रक्तविलयन होते, हीमोग्लोबिनाचे काही प्रमाणात मेटहीमोग्लोबिनात रूपांतर होऊन त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते, लघवी गडद होते व कावीळ दिसते. यकृत आणि वृक्क निकामी होण्याचा संभव असतो. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची जन्मजात उणीव असणाऱ्यांत रक्तविलयनाचा धोका अधिक असतो. उलट्या थांबल्या म्हणजे संकट टळले, असे समजणे चुकीचे ठरते. रक्तविलयन व वृक्कांची हानी त्यानंतर एकदोन दिवसांनी उघड होऊ शकते. यास्तव वरवर बरा वाटणारा रोगीही रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात.

डोळ्यांत कण गेल्यास तीव्र दाह होतो व स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पडदा) गढूळ होऊ शकते. एके काळी खुपऱ्यांवर पापणीच्या आतील बाजूस मोरचुदाचा खडा फिरवीत असत. प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर हा उपचार मागे पडला असून घरगुती उपाय म्हणून तो कधीही करू नये. ओल्या त्वचेवर भुकटीमुळे खाज व पुरळ उठते. धूळ किंवा फवाऱ्याचे तुषार हुंगले गेल्यास नाक व घसा यांचा दाह होतो. वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या पोर्तुगालमधील द्राक्षमळ्यांतील कामगारांच्या फुप्फुसांत तांबेयुक्त गाठी व तंतुमयता आढळल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. कामाच्या ठिकाणी हवेतील तांब्याच्या धुळीची व तुषारांची मर्यादा सामान्यतः दर घ.मी. ला १ मिग्रॅ. मानतात.

हाताळणी व साठवण : स्फटिक रंगीत व आकर्षक असल्याने लहान मुलांना ते खाऊसारखे वाटण्याचा संभव असतो. घरात अथवा गोठ्यात पुडीत, औषधाच्या बाटलीत किंवा खाद्यपदार्थांच्या डब्यात मोरचूद ठेवणे यासारखा दुसरा निष्काळजीपणा नाही. ते झाकणबंद काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, स्पष्ट नाव व ‘विष’ अशी खूण लावून, कोरड्या जागी कुलूपबंद ठेवावे. ॲसिटिलीन, हायड्रॉक्सिलअमाइन व मॅग्नेशियमाची भुकटी यांच्यापासून ते दूर ठेवावे. ॲसिटिलिनाशी तांब्याच्या लवणांपासून स्फोटक संयुगे बनू शकतात. भुकटी कुटताना वा मोजताना हातमोजे, चष्मा व धूळरोधक मुखपट्टी वापरावी. काम चालू असताना खाणे, पिणे व धूम्रपान टाळावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किग्रॅ. मोरचूद ५० लि. पाण्यात आणि १ किग्रॅ. चांगला कळीचा चुना विरवून ५० लि. पाण्यात, असे दोन विद्राव प्लॅस्टिकच्या, लाकडी किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे करतात. चुना विरताना पाणी उकळून तोंडावर उडू शकते, म्हणून पाणी हळूहळू घालावे. नंतर मोरचुदाचा विद्राव चुन्याच्या निवळीत ढवळत ओततात. मिश्रणात स्वच्छ लोखंडी चाकू किंवा विळा क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आल्यास मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून थर येईनासा होईपर्यंत चुना वाढवावा. ही परीक्षा टाळल्यास पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि वाऱ्याच्या दिशेस तोंड करून फवारू नये.

प्रथमोपचार : मोरचूद गिळल्यास तोंड पाण्याने खळखळून धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि विषाची पुडी किंवा वेष्टन बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने काहीही देऊ नये. डोळे किंवा त्वचा वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावीत व डोळ्यांच्या बाबतीत वैद्यास दाखवावे. रुग्णालयात शरीरातील तांबे बांधून बाहेर काढणारी पेनिसिलामाइनासारखी औषधे व मेटहीमोग्लोबिनावर मिथिलीन ब्ल्यू वैद्यकीय निर्णयानुसार देतात.

पर्यावरण : मासे, गोगलगायी व शैवले यांना अत्यल्प तांबेही घातक असते. त्यामुळे उरलेला विद्राव वा फवारणीच्या पंपाचे धुवण ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गटारात टाकू नये. सांडलेली भुकटी कोरडीच गोळा करावी. प्रयोगशाळेतील विद्रावातील तांबे धुण्याच्या सोड्याने किंवा चुन्याने अवक्षेपित करून साका वेगळा करता येतो. पिण्याच्या पाण्यात तांब्याची भारतीय मानकानुसार स्वीकार्य मर्यादा दर लिटरला ०.०५ मिग्रॅ. असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत ती शिथिल केली आहे. तांब्याचे अपघटन होत नाही. द्राक्षबागांच्या मातीत ते वर्षानुवर्षे साचत जाते. यास्तव यूरोपीय संघाने २०१९ पासून शेतीतील तांब्याचा वापर सात वर्षांत हेक्टरी २८ किग्रॅ. पर्यंत मर्यादित केला. चरणाऱ्या प्राण्यांपैकी मेंढ्यांना तांब्याची बाधा विशेष लवकर होते. म्हणून नुकत्याच फवारलेल्या बागेतील गवत त्यांना चारू नये.

कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात, हा अनुभव महाराष्ट्रातील घरांना जुनाच आहे. त्यामागेही तांब्याची विद्राव्य लवणेच असतात. अशा भांड्यांत तापविलेले दूध आणि तान्ह्या मुलांतील यकृताचा सूत्रण रोग यांच्या संबंधाकडे १९८० नंतरच्या दशकात पुणे येथील अभ्यासाने लक्ष वेधले. भांड्यांना कल्हई करण्याची रूढी व मोरचुदाच्या डब्याला लावायचे कुलूप यांच्या मुळाशी एकच सावधगिरी आहे [⟶ तांबे, विषविज्ञान].